उभे राहिले, पण गायले नाहीत

केरळातल्या कोट्टायम जिल्ह्यात किडंगूर नावाचं गाव आहे. १९८५ साली तिथल्या शाळेत एकाच घरातली तीन भावंडं होती. मुलगा दहावीत, एक बहीण नववीत आणि धाकटी पाचवीत. सकाळी सगळी शाळा रांगेत उभी राहून राष्ट्रगीत म्हणायची, तेव्हा ही तिघंही उभी असायची. फक्त म्हणायची नाहीत. ५२ सेकंद तोंड मिटून उभं राहायचं आणि बाकीच्यांबरोबर वर्गात जायचं. त्यांच्या थोरल्या बहिणी याच शाळेतून शिकून गेल्या होत्या, त्यांनीही कधी राष्ट्रगीत म्हटलं नव्हतं. कुणी त्याचा बाऊ केला नव्हता.

जुलै महिन्यात ही गोष्ट एका आमदारांच्या नजरेला आली. त्यांना त्यात देशप्रेमाचा अभाव दिसला आणि त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. मग चौकशी आयोग नेमला गेला. आयोगानं सांगितलं, की मुलं कायदा पाळणारी आहेत आणि राष्ट्रगीताचा अवमान त्यांनी केलेला नाही. प्रकरण इथं मिटायला हवं होतं. पण शाळांच्या उपनिरीक्षकांची सूचना आली आणि २६ जुलै १९८५ रोजी मुख्याध्यापिकांनी तिघांची नावं शाळेतून काढली. सरकारचा निर्णय येईपर्यंत तरी मुलांना बसू द्या, अशी विनंती वडिलांनी केली. मुख्याध्यापिकांनी लेखी कळवलं, की माझा नाइलाज आहे.

एक कबुली आपणही देऊन टाकू. शाळेच्या रांगेत आपल्यापैकी किती जण खरोखर गात होते? मधल्याच शब्दांपाशी अडखळून नुसते ओठ हलवणारे, जांभई दाबणारे, पुढच्याच्या दप्तराशी चाळा करणारे प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्याबद्दल कुठल्याही विधानसभेत प्रश्न निघत नाही. किडंगूरच्या मुलांनी ओठ हलवले असते तर खटला उभाच राहिला नसता. खोटं वागायला ती तयार नव्हती, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

ही मुलं यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली. आपल्याकडे स्टेशनाबाहेर किंवा बागेपाशी पुस्तिकांची छोटी गाडी मांडून शांतपणे उभी असलेली माणसं पाहिली असतील. त्यांच्या मासिकाचं मराठी नाव ‘टेहळणी बुरूज’. प्रार्थना करायची ती फक्त यहोवाची, आणि तिच्या जवळपास जाईल असा कोणताही विधी दुसऱ्या कशासाठी करायचा नाही, मग तो झेंडा असो वा गीत, अशी त्यांची धारणा आहे. राष्ट्रगीत चालू असताना ते आदरानं उभे राहतात, गात नाहीत. जगभर त्यांचा हाच शिरस्ता आहे. हिटलरच्या जर्मनीत सलामीला हात वर करायचं नाकारलं म्हणून त्यांच्यातले हजारो जण छळछावण्यांत गेले. तिथं त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण शिवलेला असे.

वडील केरळ उच्च न्यायालयात गेले आणि हरले, आधी एका न्यायमूर्तींपुढे आणि मग खंडपीठापुढे. खंडपीठाचा युक्तिवाद वरवर अगदी सरळ वाटतो. न्यायमूर्तींनी राष्ट्रगीताचा शब्दन् शब्द तपासला आणि कुणाच्या धर्मभावनेला ठेच पोहोचेल असं त्यात काहीही नाही, असा निष्कर्ष काढला. तुमच्या-माझ्यासारखा माणूसही हेच म्हणेल. असं काय आहे त्या गाण्यात?

सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये सांगितलं, की हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ हे त्या खटल्याचं नाव. निकाल न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिला. पीठावर त्यांच्या जोडीला न्या. एम. एम. दत्त होते. मुलांचा गाण्यातल्या कोणत्याही शब्दावर आक्षेप नव्हता. गाण्याच्या कृतीला होता. आणि अशी श्रद्धा न्यायमूर्तींच्या बुद्धीला पटते का, हा मुद्दाच गैरलागू आहे. न्यायालयानं बघायचं ते एवढंच, की ही श्रद्धा खरी आहे का, मनापासून पाळली जाते का, की शाळा चुकवण्यासाठी काढलेली पळवाट आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथल्या न्यायालयांपुढे याच पंथाची प्रकरणं येऊन गेली होती, त्यामुळं ही श्रद्धा किडंगूरमध्ये रातोरात उगवलेली नाही हे उघड होतं.

या निकालाची आठवण काढली जाते ती बहुधा त्याच्या शेवटच्या परिच्छेदासाठी, सहिष्णुतेबद्दलच्या चार वाक्यांसाठी. वाक्यं सुंदर आहेत. पण खटला त्यांच्या जोरावर जिंकला गेला नाही. तो जिंकला गेला एका अगदी रूक्ष, कारकुनी वाटेल अशा मुद्द्यावर: मुलांना कोणत्या कायद्यानं काढलं?

सरकारनं दोन परिपत्रकं पुढं केली. शिक्षण संचालकांची, एक १९६१चं आणि दुसरं १९७०चं. विद्यार्थ्यांनी राष्ट्रगीत एकत्र म्हणावं, असं त्यांत होतं. न्यायालयानं विचारलं, या परिपत्रकांना कोणत्या कायद्याचा आधार आहे? नव्हता. त्या शिक्षण खात्याच्या अंतर्गत सूचना होत्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये (बोलताना आपण ‘कलम’ म्हणतो, घटनेच्या मराठी प्रतीत ‘अनुच्छेद’ आहे) नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आहे, आणि त्यावर बंधन घालायचं तर ते ‘कायद्यानं’ घालावं लागतं. परिपत्रक हा कायदा नव्हे. खात्याची सूचना हा कायदा नव्हे. १९६२च्या खडकसिंग खटल्यात, पोलिसांनी एका माणसावर ठेवलेल्या पाळतीच्या संदर्भात, हे आधीच ठरलं होतं.

मग प्रत्यक्ष कायदा काय म्हणत होता? राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा १९७१चा. जाणूनबुजून राष्ट्रगीत गाण्यात अडथळा आणणं किंवा गाणाऱ्या जमावात गोंधळ घालणं हा त्यानुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतः न गाणं हा गुन्हा त्यात नाही. अनुच्छेद ५१-क राष्ट्रगीताचा आदर करणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य मानतो. तर मुलं आदरानं उभी होतीच. एकेक कागद तपासून झाला, तेव्हा सरकारच्या हातात काही उरलं नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला ‘जीआर निघाला’ या दोन शब्दांचं वजन सांगायला नको. तलाठी कार्यालयापासून विद्यापीठापर्यंत सगळं गाडं जीआरवर चालतं, आणि ते चालायलाही हवं. पण मूलभूत हक्काला हात घालायचा झाला, की जीआरच्या मागं विधिमंडळानं केलेलं काहीतरी उभं असावं लागतं. माझ्या मते घटनेतला सगळ्यात कामाचा शब्द स्वातंत्र्य नाही, कायदा हा आहे. स्वातंत्र्य हा शब्द भाषणांत शोभतो. अधिकाऱ्याला थांबवतो तो दुसरा.

मुलांना गप्प राहायचं होतं, तर भाषणस्वातंत्र्याचा इथं संबंध काय, असं कुणी विचारेल. बोलण्याचा हक्क खरा असेल, तर अमुक एक बोललंच पाहिजे या सक्तीपासूनही तो वाचवतो. न्यायालयानं म्हणूनच दोन अनुच्छेदांवर एकदम बोट ठेवलं: १९ आणि २५.

हे दोन्ही सारखे नाहीत, आणि फरक पाहण्याजोगा आहे. १९ फक्त नागरिकांना मिळतो. २५ सगळ्या ‘व्यक्तींना’ मिळतो. म्हणजे पुण्यात शिकायला आलेल्या इराणी विद्यार्थ्याला इथं आपला धर्म पाळण्याचा मूलभूत हक्क आहे, पण अनुच्छेद १९मधला भाषणस्वातंत्र्याचा नाही. २५ची सुरुवातही धर्मापासून होत नाही. पहिला हक्क आहे सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा. धर्म प्रकट करणं, आचरणं, त्याचा प्रसार करणं हे त्यानंतर येतं. म्हणून कोणताच धर्म न मानणाराही या छपराखाली येतो. आणि दोन्ही हक्कांना अटी आहेत. २५ला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि घटनेच्या मूलभूत हक्कांच्या भागातल्या बाकी तरतुदी. १९ला आणखी मोठी यादी.

अमेरिकेच्या घटनेत अशी यादीच नाही. १७९१च्या पहिल्या दुरुस्तीत एकाच वाक्यात धर्म, भाषण, वृत्तपत्रं, सभा आणि गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क कोंबले आहेत, आणि अपवाद एकही नाही. तरी हीच कसोटी आली, तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय पहिल्यांदा घसरलं. ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पेनसिल्व्हेनियात माइनर्सव्हिल या कोळसा खाणींच्या गावात याच पंथातली बारा वर्षांची मुलगी आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ यांनी १९३५ मध्ये झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला. तेव्हाची सलामी कशी होती, हे आज फारसं कुणाला आठवत नाही: उजवा हात सरळ पुढं ताणून झेंड्याकडं करायचा. हिटलरच्या सलामीची आठवण व्हावी, अशीच. मुलांना शाळेतून काढलं. खटला वर पोहोचला आणि ३ जून १९४० रोजी न्यायालयानं ८ विरुद्ध १ मतांनी शाळेच्या बाजूनं निकाल दिला. त्या दिवशी डंकर्कच्या किनाऱ्यावरून मित्रराष्ट्रांचं सैन्य माघारी नेलं जात होतं. फ्रान्स कोसळत होता. राष्ट्रीय ऐक्य हाच राष्ट्रीय सुरक्षेचा पाया, असं न्या. फेलिक्स फ्रँकफर्टर यांना वाटलं. देश घाबरलेला होता आणि न्यायाधीशही त्याच देशात राहत होते.

निकालाचा अर्थ रस्त्यावर वेगळाच लावला गेला. यहोवाच्या साक्षीदारांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. मेन राज्यात केनेबंक इथं त्यांचं सभागृह जाळण्यात आलं. दोन वर्षांत तीन न्यायमूर्तींनी दुसऱ्याच एका खटल्यात लिहून टाकलं, की आमचं तेव्हा चुकलं. १९४३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातला तसाच खटला आला आणि १४ जूनला, म्हणजे अमेरिकेच्या ध्वजदिनालाच, न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी आपला निकाल फिरवला. न्या. रॉबर्ट जॅक्सन यांनी तो फिरवताना धर्माचा आधार फारसा घेतलाच नाही. सलामी हेही एक प्रकारचं बोलणं आहे, आणि नागरिकानं काय बोलावं, काय मानावं हे ठरवणं कोणत्याही लहानमोठ्या अधिकाऱ्याचं काम नाही, असा त्यांचा रोख होता. फ्रँकफर्टर मात्र आपल्या मतावर ठाम राहिले. ते स्वतः ज्यू होते. इतिहासातल्या सर्वाधिक छळलेल्या अल्पसंख्याकांपैकी मी एक आहे, त्यामुळं या हक्कांबद्दल मला बेफिकिरी वाटणं शक्य नाही, असं सांगून त्यांनी भिन्नमत लिहिलं. त्यांच्याशी मी सहमत नाही. पण ते वाचताना माणूस अडतो खरा.

जाता जाता एक गंमत. दोन्ही खटल्यांत कुटुंबांची आडनावं न्यायालयाच्या कागदांत चुकीची लिहिली गेली. गोबायटस कुटुंबाचा ‘गोबायटिस खटला’ झाला, बार्नेट कुटुंबाच्या नावाच्या शेवटी एक जादा अक्षर चिकटलं. कायद्याच्या पुस्तकांत ती नावं आजही तशीच आहेत. विवेकासाठी एवढं भांडायचं आणि इतिहासात शिरायचं ते दुसऱ्याच नावानं!

आपल्या अनुच्छेद १९मधल्या अटींच्या यादीकडं परत येऊ, कारण तिच्या लांबीमागं एक साप्ताहिक आहे. रोमेश थापर यांचं डाव्या विचारांचं ‘क्रॉसरोड्स’ मुंबईतून निघे. १९५०च्या मार्चमध्ये मद्रास सरकारनं त्याला आपल्या राज्यात बंदी घातली. त्यासाठी त्यांच्याकडं परिपत्रक नव्हतं, रीतसर कायदा होता. घटना लागू होऊन जेमतेम महिना झाला होता. थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण नव्हतं. अशा बाबतीत राज्याच्या सुरक्षिततेला धोका असेल तरच बंधन चालत होतं. २६ मे १९५० रोजी थापर जिंकले. त्याच दिवशी संघाच्या विचारांचं दिल्लीतलं ‘ऑर्गनायझर’ही जिंकलं, त्याच्यावर छापण्याआधी मजकूर तपासून घेण्याची सक्ती होती. डावं आणि उजवं, दोन्ही साप्ताहिकं एकाच दिवशी एकाच तत्त्वावर सुटली. असा योग पुन्हा क्वचितच आला असेल.

नेहरू सरकारला हे मानवलं नाही. १९५१च्या जूनमध्ये घटनेची पहिली दुरुस्ती झाली आणि यादीत सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्यास चिथावणी ही कारणं आली. त्याच दुरुस्तीत, पुष्कळ ओढाताणीनंतर, बंधनांच्या आधी एक विशेषणही बसलं: ‘वाजवी’. तेव्हापासून सरकारला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. आधी कायदा दाखवायचा आणि मग तो वाजवी आहे, हे पटवायचं. कायदा करणं बहुमताच्या सरकारला अवघड नसतं. दुसऱ्या पायरीवर मात्र न्यायालय उभं असतं. निदान असावं, अशी अपेक्षा आहे.

कायदा खरोखर असला, की काय होतं? आपल्या गल्लीतलं उदाहरण घ्या, भोंग्याचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर लाऊडस्पीकर नाही. त्याच वर्षी चेन्नईतल्या एका चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ध्वनिवर्धकावरून इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा, असं कोणताही धर्म सांगत नाही. हीच गोष्ट मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मशीद, मंडप, मंदिर असा भेद न करता लागू केली. किडंगूरची मुलं कुणाच्या कानाशी ओरडत नव्हती. ती गप्प होती. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले, तर विसंगती दिसत नाही.

किडंगूरचा निकाल महाराष्ट्रातही कामी आला असं म्हणता येईल, निदान त्याचा विचार तरी. नाशिक जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतले शिक्षक सकाळच्या प्रार्थनेला उभे राहत, हात जोडत नसत. त्या कारणानं संस्थेनं त्यांना वरची वेतनश्रेणी नाकारली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शिक्षकाच्या बाजूनं निकाल दिला. प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. इथं भांडण पगाराचं होतं, हे लक्षात घ्या. विवेकाची किंमत बहुधा अशीच मोजावी लागते. तुरुंग वगैरे क्वचित. वेतनवाढ, दाखला, बढती हे नेहमीचं.

चित्रपटगृहांत तर महाराष्ट्रात २००३पासून राष्ट्रगीत वाजतं आहे. ३० नोव्हेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयानं ते अंतरिम आदेशानं देशभर सक्तीचं केलं, आणि ९ जानेवारी २०१८ला तो आदेश बदलून सक्ती काढली. मधल्या वर्षभरात काही प्रेक्षकांनी न उठलेल्या शेजाऱ्यांना मारहाण केली. कायदा आपल्या हातात आहे असं वाटलेला माणूस परिपत्रकापेक्षा भयंकर असतो.

किडंगूरच्या निकालाची खरी परीक्षा वर्गात हिजाब घालण्यावरच्या वादात झाली. गणवेशाबाबतचा ५ फेब्रुवारी २०२२चा कर्नाटक सरकारचा आदेश निव्वळ परिपत्रक नव्हता. त्याला राज्याच्या शिक्षण कायद्याचा हवाला होता. कर्नाटक उच्च न्यायालयानं १९५४च्या शिरूर मठ खटल्यापासून रूढ झालेली दुसरीच कसोटी लावली: ही प्रथा धर्माचा ‘अत्यावश्यक भाग’ आहे का? नाही, असं उत्तर देऊन आदेश कायम केला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ला दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. हेमंत गुप्तांनी राज्याची बाजू उचलून धरली. न्या. सुधांशु धुलियांनी किडंगूरच्या निकालावर भिस्त ठेवली आणि अत्यावश्यक भागाच्या चर्चेची इथं गरजच नाही, असं म्हटलं. प्रकरण योग्य पीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडं गेलं. मला धुलियांची कसोटी अधिक सरळ वाटते. अत्यावश्यक काय हे ठरवायला न्यायाधीशाला पोथ्या, हदीस, बायबल घेऊन बसावं लागतं आणि तो नकळत धर्मपंडित होतो. श्रद्धा खरी आहे का, हे साक्षीपुराव्यातून समजतं. ते न्यायाधीशाचं रोजचंच काम आहे.

किडंगूरच्या मुलांना पुन्हा शाळेत घ्या आणि त्यांच्या शिक्षणात अडथळा आणू नका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला, त्या दिवशी तारीख होती ११ ऑगस्ट १९८६. शाळेतून नावं काढल्याला एक वर्ष आणि सोळा दिवस झाले होते. दहावीचं ते शालेय वर्ष तोवर केव्हाच संपलं होतं.